केबल कापून अँटेना ट्यून होत नाही

मागच्या महिन्यात जुळे सोलापुरात एका गच्चीवर गेलो, तर तिथला पोरगा कटर घेऊन हॅम रेडिओची कोॲक्स, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल, कापत बसलेला. म्हणाला, "अण्णा, एक्स मायनस तीस दाखवतंय ओ. अजून फूटभर काढतो." वर डायपोलला, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाला, हात लावलेला नाही. खोलीत नॅनोव्हीएनए या मोजणी यंत्रावर एक्सचा, म्हणजे रिॲक्टन्सचा (ओहममधल्या विरोधाचा जो भाग पॉवर खात नाही, परत करतो), आकडा हलतोय, म्हणून खाली केबल कमी होत चाललीय.

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते याचा आकडा, एक म्हणजे पूर्ण जुळली, एवढंच इथे सांगतो. घोळ तिथे नाहीच. घोळ आहे तो रेझोनन्स आणि एसडब्ल्यूआर एकच समजण्यात. रेझोनन्स हा तारेचा गुण. ज्या फ्रिक्वेन्सीला फीड पॉइंटवर, म्हणजे केबल तारेला जोडते तिथे, रिॲक्टन्स शून्य, तिथे ती रेझोनंट. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण वीस मीटर तार लागते, आणि तिला खाली किती केबल आहे याचं काही घेणं-देणं नसतं. एसडब्ल्यूआर ही अँटेना आणि केबल यांच्या जोडीची गोष्ट. मोकळ्या जागेतला रेझोनंट डायपोल ७३ ओहमचा, म्हणजे ५० च्या केबलवर एसडब्ल्यूआर १.४६. रेझोनन्स पक्का, तरी एक नाही. आणि डमी लोडचा, म्हणजे अँटेनाच्या जागी लावलेल्या नुसत्या ५० ओहमच्या रेझिस्टरचा, बरोबर एक, पण त्यावर पंढरपूरसुद्धा ऐकू येणार नाही.

आता त्या पोराचं मायनस तीस. हिशेबाला सोपं म्हणून अँटेना नेमकी रेझोनंट आणि १०० ओहमची धरा, म्हणजे एसडब्ल्यूआर २. त्याची केबल आरजी-५८, साडेसतरा मीटर. व्हेलॉसिटी फॅक्टर (मोकळ्या जागेच्या मानाने केबलमधला लहरीचा वेग) ०.६६ धरला तर ७.१ ला अर्धी तरंगलांबी केबलमध्ये सुमारे १३.९ मीटर भरते. त्याच्या केबलमध्ये अर्धी आणि वर एक अष्टमांश. अशा केबलच्या खालच्या टोकाला १०० ओहम दिसतच नाही. दिसतात ४० ओहम आणि एक्स मायनस ३०. एक्स मायनस दिसला म्हणून पोरगा म्हणतो, अँटेना आखूड पडली. अरे, अँटेना मुळीच आखूड नाही, तू फक्त दुसऱ्या जागेवरून बघतोयस!

सिद्धेश्वराच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्यापासूनचं अंतर तेच ठेवून चाललात, तरी पावलागणिक समोर दिसणारं बदलतं. केबलची लांबी म्हणजे ते चालणं, आणि अंतर म्हणजे एसडब्ल्यूआर. अर्ध्या तरंगलांबीला एक फेरी पुरी होऊन पुन्हा १०० दिसतात. पाव तरंगलांबीला नेमके समोरच्या बाजूला, म्हणजे २५ ओहम. ४० मायनस ३० असो, २५ असो की १००, तिन्हीचा हिशेब मांडून बघा, एसडब्ल्यूआर २ च येतो. पोराने साडेतीन मीटर कापल्यावर एक्स शून्य झाला, तो त्याची फेरी पुरी झाली म्हणून. एसडब्ल्यूआर होता तिथेच, दोनच्या आसपास. उलटंही होतं: वर अँटेना रेझोनंट नसते आणि खाली एक्स शून्य दिसून माणूस खूश होतो. ट्यून करायचं तर फीड पॉइंटवर जाऊन मोजा, नाहीतर केबलच्या अँटेनाकडच्या टोकाशी कॅलिब्रेशन करा. खोलीत बसून एक्सवर विश्वास ठेवू नका.

मग "पण माझ्याकडे लांबी बदलली की एसडब्ल्यूआर खरंच बदलतो" म्हणणारे येतात. बदलत असेल. केबल टीव्हीची ७५ ओहमची वायर लावली असेल तर ५० च्या मीटरवर आकडा फिरणारच. पण बहुतेक वेळा दोषी असतो तो कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट. तो वाहू लागला की कोॲक्स डायपोलचा तिसरा हात होते, आणि ती कापली म्हणजे खरोखर अँटेनाच कापली. केबल मुठीत धरा. काटा हलला तर हाच रोग. फीड पॉइंटला फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे मारून हा बाहेरचा करंट अडवणारा चोक करा. चोकशिवाय डायपोल टांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

लांब केबलने एसडब्ल्यूआर "सुधारतो" हेही ऐकतो. सुधारत नाही, केबल पॉवर खाते. एका दिशेला ६ डीबी, म्हणजे पाऊण पॉवर, खाणाऱ्या केबलचं वरचं टोक उघडं सोडलं, अँटेना नसलीच, तरी मीटर १.७ च्या आसपास दाखवतो. व्हीएचएफला (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) जुनी आरजी-५८ वापरणाऱ्यांनी हे एकदा करून बघावंच.

आणि सोलापूरच्या उन्हाने तार वाढते, ही सबब तर नकोच. तीस अंशांच्या फरकाने वीस मीटर तांबं सेंटीमीटरभर वाढतं. रेझोनन्स तीन-चार किलोहर्ट्झ सरकतो.

त्या गच्चीवर मग आम्ही चोक बसवला आणि वर चढून तार मोजली. ती रेझोनंटच होती. केबल तेवढी आता टेबलापर्यंत पोचत नव्हती. रिग, म्हणजे रेडिओ सेट, आठवडाभर जिन्यात स्टुलावर होता.