व्हॉल्व ट्रान्समीटरमधील नियंत्रक भागांची बदली

हौशी रेडिओ केंद्रांवरील (हॅम) जुन्या, निर्वात नलिकांच्या (व्हॉल्वच्या) ट्रान्समीटरमध्ये ज्या भागांना चालकाचा हात रोज लागतो, ते निकामी झाल्यावर मूळ मंडल (सर्किट) न बिघडवता त्यांच्या जागी दुसरे भाग बसवण्याचे काम. ड्राइव्ह कंट्रोल (अखेरच्या व्हॉल्वला मिळणारा संकेत कमीजास्त करणारा बदलता रोध), बँड स्विच, फंक्शन स्विच, प्लेट व लोडिंगचे गँग (फिरते कंडेन्सर), मीटर स्विच आणि अँटेना रिले हे यातले मुख्य भाग. नोंदीत प्रामुख्याने १९५० ते १९७० या काळातील, ८०७ किंवा ६१४६ हे व्हॉल्व अखेरच्या टप्प्यात असलेल्या संचांचा विचार केला आहे. नुसता व्हॉल्व बदलणे यात मोडत नाही.

इतिहास : बदलत्या रोधाने प्रवाह आवरण्याची कल्पना मूळ कोणाची, याबद्दल एकमत नाही. रिओस्टॅट हे नाव चार्ल्स व्हीटस्टन यांच्या १८४३ च्या निबंधामुळे रूढ झाले. मॉरिट्झ याकोबी यांनी साधारण त्याच सुमारास, बहुधा थोडे आधी, तशाच धर्तीचे साधन तयार केले होते. कालक्रम पाहता याकोबींचे पारडे किंचित जड दिसते. नाव मात्र व्हीटस्टन यांचेच टिकले. पोटेन्शिओमीटरचे श्रेय योहान पोगेनडॉर्फ (१८४१) यांना दिले जाते, पण त्यांचे उपकरण विद्युतदाब (व्होल्टेज) मोजण्यासाठी होते, दाब कमीजास्त करण्यासाठी नव्हे. हा भेद केवळ ऐतिहासिक नाही. ट्रान्समीटरमधला तोच कंट्रोल कुठे दोन टोकांवर रिओस्टॅट म्हणून, तर कुठे तीन टोकांवर विभाजक म्हणून जोडलेला असतो आणि बदली भागाची वॉट क्षमता त्यावर ठरते. लोडिंगचे बटण दर्शनी पट्टीवर येण्यामागे आर्थर कॉलिन्स यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाय-जालाची (ट्रान्समीटर अँटेनाशी जुळवणाऱ्या, ग्रीक π आकाराच्या मंडलाची) जुळणी आहे. युद्धानंतरच्या संचांत ती जवळजवळ सार्वत्रिक झाली.

ड्राइव्ह कंट्रोल : सर्वाधिक जळणारा भाग. अनेक संचांत तो ड्रायव्हर व्हॉल्वच्या (अखेरच्या व्हॉल्वला संकेत पुरवणाऱ्या) स्क्रीन-जालकाचा दाब कमीजास्त करतो, त्यामुळे त्याच्या रोधाच्या पट्टीवर दोनतीनशे व्होल्ट असतात. तो का जळतो याविषयी दुरुस्ती करणाऱ्यांत दोन मते आहेत. पहिले मत असे, की कारखान्यानेच तो अपुऱ्या वॉटचा बसवला. २५ किलोओहमचा, ४ वॉटचा वायरवाउंड कंट्रोल ३०० व्होल्ट आणि चॅसी (संचाचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये विभाजक म्हणून जोडला, तर स्क्रीनने काही न ओढताही त्यात ३.६ वॉट उष्णता होते. बंद पेटीत, व्हॉल्वच्या शेजारी, एवढ्या काठावर तो फार वर्षे तगणार नाही. दुसरे मत स्क्रीनच्या बायपास कंडेन्सरकडे बोट दाखवते. तो शॉर्ट झाला आणि त्या वेळी कंट्रोल वरच्या (३०० व्होल्टच्या) टोकाला, समजा २.५ किलोओहम शिल्लक ठेवून, फिरवलेला असला, तर तेवढ्याच तुकड्यातून १२० मिलिअँपिअर जातात आणि ३६ वॉट उष्णता होते (मालिकेत दुसरा रोधक नसल्यास). वॉट क्षमता संपूर्ण पट्टीची सांगितलेली असते. पट्टीच्या एका दशांश भागाच्या वाट्याला जेमतेम ०.४ वॉट येतात, हे विसरले जाते.

दोन्ही मतांत तथ्य असले, तरी जळाल्याची खूण कुठे आहे यावरून निवाडा करता येतो. पट्टी सर्वत्र सारखी तपकिरी झालेली असेल तर पहिले कारण. वरच्या टोकाजवळ तार तुटून एकच काळा खड्डा पडला असेल तर दुसरे. व्यवहारात दुसरा प्रकार गृहीत धरूनच काम सुरू करावे. कंडेन्सर आणि ड्रायव्हर व्हॉल्व न तपासता नवा कंट्रोल बसवणे म्हणजे तोही जाळणे. बाजारात सहज मिळणारा छोटा कार्बन कंट्रोल पाव वॉटच्या आसपासचा असतो आणि त्याच्या पट्टी व दांडी यांच्यातील निरोधन एवढ्या दाबासाठी केलेले नसते. ओहमचा आकडा जुळला म्हणून तो बसवू नये. लिनिअर (दांडीबरोबर रोध सारखा वाढणारा) की लॉग हेही पाहावे : जपानी मालावर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर, तर जुन्या युरोपीय मालावर पुष्कळदा नेमके उलट. खात्री करायची तर मीटर लावून दांडी मधोमध आणावी. निम्मा रोध दाखवला तर लिनिअर.

कंट्रोलवरचा भार उच्च दाबाच्या ट्रान्झिस्टरवर टाकण्याचीही एक रीत आहे. ती चालते, पण संचाचे मूळ रूप त्यात उरत नाही. अधिक वॉटचा वायरवाउंड कंट्रोल हाच साधा आणि टिकाऊ उपाय म्हणावा लागेल.

स्विच : बँड स्विचच्या चकत्या सिरॅमिकच्या किंवा फिनॉलिकच्या (राळेच्या) असतात. फिनॉलिक चकतीवर ठिणगी पडली की कोळशाची वाट तयार होते आणि पुढची प्रत्येक ठिणगी तीच वाट धरते. ती खरवडून किंवा बारीक ड्रिलने कोरून काढावी लागते. संपर्कांवरचा काळेपणा सहसा चांदीच्या सल्फाइडचा असतो. पॉलिश पेपर मारल्यास वरचा चांदीचा मुलामा निघून जातो. फंक्शन स्विच बदलताना शॉर्टिंग (आधी जोडून मग तोडणारा) आणि नॉन-शॉर्टिंग यांची गल्लत महाग पडते, कारण चुकीचा बसल्यास फिरवता फिरवता एचटी (उच्च दाबाची वीज) क्षणभर भलत्याच वाटेला जोडली जाते. हीथकिटसारखे (सुट्या भागांच्या रूपात विकलेले) संच मालकानेच जुळवलेले असल्यामुळे तारा आराखड्याबरहुकूम असतीलच असे नाही. म्हणून जुना स्विच काढण्यापूर्वी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी.

गँग व रिले : लोडिंगला पुष्कळदा रेडिओचाच तीन पदरी गँग समांतर जोडलेला असतो, तो मिळणे अवघड नाही. प्लेटचा गँग मात्र पात्यांमधील अंतर पाहूनच घ्यावा. अमेरिकी संचांतील रिलेची गुंडाळी ११५ व्होल्ट, ६० हर्ट्‌झची असल्यास आपल्याकडे स्टेपडाउन (दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावूनही ५० हर्ट्‌झवर ती अधिक तापते.

सातारा-सांगली भागात : सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणता येतात. जुन्या अमेरिकी बटणांचे भोक पाव इंचाचे (६.३५ मिमी), नव्या कंट्रोलची दांडी ६ मिमीची, बटण डगमगते आणि स्क्रू आवळला की एका बाजूला कलते. मिरज, कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतील कोणताही लेथवाला यासाठी पातळ पितळी बुश काढून देऊ शकतो. दांडीवर एचटी येत असेल तर मधला जोड हायलमचा (फिनॉलिकच्या पत्र्याचा) न करता टेफ्लॉनचा करावा. हायलम ओल धरते आणि वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या हवेत ते लवकर कळून येते.

पुरात भिजलेल्या संचांचा प्रश्न वेगळा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरीच वर गेली होती. अशा पाण्यातला बारीक गाळ स्विचच्या चकत्यांमध्ये जाऊन बसतो आणि वाळल्यावरही हवेतली ओल ओढून विजेची गळती करतो. तो कोरडा असताना फडक्याने पुसल्यास संपर्कांच्या जिभांखाली आणखी आत सरकतो. आधी स्वच्छ पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ५०-६० अंश सेल्सिअसला काही दिवस सुकवणे बरे. एवढे करूनही फिनॉलिक चकती फुगलेली दिसली तर ती बदलावीच.

चाचणी : प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर भरलेले राहू शकतात. ७०० व्होल्टला २० मायक्रोफॅरडमध्ये सुमारे ४.९ ज्यूल ऊर्जा असते आणि ब्लीडर रोधक (कंडेन्सर रिकामे करणारा) तुटलेला असल्यास ती तशीच थांबून राहते. म्हणून निरोधक मुठीच्या काठीला रोधक जोडून, त्यातून चॅसीवर विसर्जन करावे आणि मीटरने शून्य पाहूनच हात घालावा. पहिल्यांदा वीज देताना स्टेपडाउनच्या आधी १०० वॉटचा बल्ब मालिकेत लावतात. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर बल्ब काढून ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रोधकावर) ड्राइव्ह शून्यातून हळूहळू वाढवावा, ग्रिड करंट (जालकाचा प्रवाह) पाहावा आणि दहापंधरा मिनिटांनी संच बंद व विसर्जित करून नव्या कंट्रोलची पाठ किती तापली ते तपासावे.