आमच्या ऑनलाइन टेबलावर बसण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कंपन्यांचे स्नेहमेळावे, गृहनिर्माण संस्थांचे दिवाळीचे कार्यक्रम आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या बैठका यांसाठी आम्ही व्हिडिओ कॉलवर ब्लॅकजॅक, रूलेट, बॅकारा आणि तीन पत्तीची टेबले चालवतो. आमचा डीलर पुण्यातील आमच्या जागेत खऱ्या पत्त्यांनी व खऱ्या चाकावर खेळ चालवतो, सहभागी मंडळी आपापल्या घरून चिप्स लावतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा हिशेब पडद्यावर दिसत राहतो. आरक्षण झाल्यानंतर बहुतेक आयोजक विचारतात, की आमच्यापैकी निम्म्या लोकांना हे खेळ येत नाहीत, तर त्यांनी आधी काय वाचावे. त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट आणि एक्क्यापासून गुलामापर्यंतची पाने सर्वांना ठाऊक आहेत, असे आम्ही गृहीत धरले आहे.

पैशांविषयी

आमच्या चिप्स विकत घेता येत नाहीत आणि त्यांचे पैसेही होत नाहीत. प्रत्येकाला सुरुवातीला सारख्याच 1,000 चिप्स मिळतात. आयोजकांकडून आम्ही कार्यक्रमाचे ठरलेले शुल्क घेतो आणि कोण किती जिंकले वा हरले यामुळे त्या शुल्कात एका रुपयाचाही फरक पडत नाही. अधूनमधून एखादे आयोजक सुचवतात, की प्रत्येकाकडून पाचशे रुपये गोळा करावेत आणि शेवटी ज्याच्याकडे सर्वाधिक चिप्स उरतील त्याला ती रक्कम द्यावी, म्हणजे खेळाला रंग चढेल. असे कार्यक्रम आम्ही घेत नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवण्यास संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्याने मनाई केली असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. राज्याने 1976 साली कॅसिनोंसाठी जो स्वतंत्र कायदा केला होता, तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. पणजीजवळ मांडवीतल्या जहाजांवर जे खेळ चालतात ते गोव्याच्या कायद्याखाली, गोव्याच्या परवान्याने चालतात. तो परवाना कोथरूडमधल्या फोनला लागू होत नाही. त्यामुळे पैसे लावण्याच्या संकेतस्थळांची नावे आमच्याकडे कृपया मागू नयेत. विजेत्यास आयोजकांनी स्वखर्चाने मिठाईचा डबा किंवा फिरता चषक द्यावा. चषकासाठी माणसे रोख रकमेइतक्याच चुरशीने खेळतात, असा आमचा अनुभव आहे.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक

आमच्याकडे वाया जाणाऱ्या वेळेपैकी बहुतांश वेळ एकाच गैरसमजामुळे जातो, आणि तो अगदी हुशार पत्तेबाजांतही आढळतो. तीन पत्ती, रमी किंवा मेंढीकोट खेळत मोठे झालेल्या माणसाला टेबलावरचा दुसरा खेळाडू हाच प्रतिस्पर्धी वाटतो. तो आपले पत्ते झाकतो, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही आणि इतरांनी काय केले हे कळल्याशिवाय स्वतः तोंड उघडत नाही. घरच्या खेळात हे शहाणपण आहे. ब्लॅकजॅकच्या टेबलावर मात्र प्रत्येकाचा सामना फक्त डीलरशी, म्हणजे बँकेशी, असतो: पत्त्यांची बेरीज 21 न ओलांडता डीलरपेक्षा मोठी करायची. सात जण बसले असतील तर ते सात वेगवेगळे डाव आहेत, आणि शेजाऱ्याची बेरीज 20 झाली म्हणून तुमच्या 18 चे मोल कमी होत नाही. खेळाडूंचे सर्व पत्ते उघडेच वाटले जातात, त्यामुळे झाकण्यासारखे काही नसते. डीलरला चकवण्याचाही प्रश्न येत नाही, कारण त्याला निर्णयच घ्यायचा नसतो: बेरीज 16 किंवा त्याहून कमी असली तर त्याने पत्ता घेतलाच पाहिजे आणि 17 किंवा त्याहून अधिक झाली की थांबलेच पाहिजे.

प्रत्यक्ष टेबलावर एखादा गप्प बसला तर डीलर त्याच्याकडे पाहून, हाताने खूण करून डाव पुढे नेतो. व्हिडिओ कॉलवर ती सोय नाही. तिसऱ्या क्रमांकाचे गृहस्थ माइक बंद ठेवून विचार करत असतात, चौथ्या बाई त्यांची वाट पाहत असतात, पाचवे गृहस्थ आपले उत्तर कोणाला कळू नये म्हणून डीलरला खासगी संदेशात ‘थांबतो’ असे लिहितात, आणि तो संदेश डीलरच्या लक्षात येईपर्यंत दोघेजण चहा आणायला उठलेले असतात. दोन मिनिटांत व्हावी अशी फेरी यात सहज सहा-सात मिनिटे घेते. नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमात इतक्या कमी फेऱ्या का झाल्या, हा प्रश्न नंतर अर्थातच आम्हालाच विचारला जातो.

म्हणून आमचा नियम असा आहे की पाळी आल्यापासून 20 सेकंदांत मोठ्याने उत्तर आले नाही, तर तो खेळाडू थांबला असे डीलर धरतो. हा नियम काहींना कडक वाटतो, परंतु एकाच्या संकोचापायी सहा जणांनी ताटकळत बसावे हे आम्हाला योग्य वाटत नाही, आणि कित्येकदा आमची ही घाई खेळाडूच्या हिताचीच ठरते, कारण बेरीज 13 ते 16 असताना डीलरचा उघडा पत्ता 2 ते 6 पैकी असेल तर थांबणे हेच बहुधा बरोबर असते.

ब्लॅकजॅक

चित्रांचे पत्ते दहाचे धरतात आणि एक्का सोयीप्रमाणे 1 किंवा 11. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि डीलरचा एक पत्ता उघडा असतो. 21 ओलांडले की डाव गेला, मग नंतर डीलरही फुटला, म्हणजे 21 च्या पुढे गेला, तरी त्याचा उपयोग नाही. बँकेचा खरा फायदा याच एका अटीत आहे. पाळी आल्यावर ‘पत्ता’, ‘थांबतो’, ‘दुप्पट’ (लावलेल्या चिप्स दुप्पट करून एकच पत्ता घेणे) किंवा ‘फोड’ (जोडीच्या दोन पत्त्यांचे दोन वेगळे डाव करणे) यांपैकी एकच शब्द सांगावा. ‘बघू या’ हे उत्तर नाही.

कोणत्या बेरजेला काय करावे, हा अंदाजाचा विषय राहिलेला नाही. अमेरिकी लष्करातील चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर हिशेब करून 1956 साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले, आणि आज मिळणारे सर्व तक्ते त्याचीच सुधारलेली रूपे आहेत. संपूर्ण तक्ता आम्ही आरक्षणासोबत पाठवतो आणि तो खेळताना समोर ठेवण्यास आमची काहीही हरकत नाही. नवख्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे: डीलरचा पत्ता 7 किंवा अधिक असेल तर 17 होईपर्यंत पत्ता घेत राहावे, डीलरकडे 4, 5 किंवा 6 असेल तर 12 वरही थांबावे, कारण डीलर 6 वर असताना 100 पैकी सुमारे 42 वेळा फुटतो, एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी नेहमी फोडावी, दहांची कधीच फोडू नये. डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना तो ‘इन्शुरन्स’, म्हणजे त्याचा झाकलेला पत्ता दहाचा निघेल अशी वेगळी पैज, विचारतो, त्याला नकार द्यावा. त्या पैजेवर दुप्पट मिळते, म्हणजे खाली दहाचा पत्ता असण्याची शक्यता निदान एक तृतीयांश असेल तरच ती परवडते, आणि 52 पत्त्यांत दहाचे पत्ते 16 च असतात.

फोनवरच्या मोफत खेळांत सराव करणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. एक्का आणि दहाचा पत्ता एकत्र आल्यावर आम्ही 100 चिप्सवर 150 देतो. अनेक ठिकाणी 120 च देतात. फरक किरकोळ वाटतो, पण एवढ्यानेच बँकेचा फायदा जवळजवळ 1.4 टक्क्यांनी वाढतो, आणि तक्त्याप्रमाणे खेळणाऱ्याविरुद्ध तो मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो.

तीन पत्ती

येथे वाद हमखास होतात, कारण या नावाखाली दोन वेगळे खेळ मागितले जातात. एक आपला घरचा, ज्यात ब्लाइंड (पत्ते न पाहता लावणे), चाल (पाहून लावणे), पॅक (डाव सोडणे) आणि शो (पत्ते उघडून दाखवणे) असते आणि खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. त्यासाठी पत्ते प्रत्येकाच्या फोनवर स्वतंत्रपणे यावे लागतात, म्हणून तेवढे एक टेबल आम्ही संगणकावर चालवतो, आणि तेथे गप्प बसण्याचे सर्व कौशल्य जरूर वापरावे. दुसरा कॅसिनोतला, ज्यात प्रत्येकजण डीलरविरुद्ध खेळतो: आधी काही चिप्स लावायच्या, आपले तीन पत्ते पाहायचे, आणि मग त्या चिप्स सोडून द्यायच्या किंवा तितक्याच आणखी लावायच्या. डीलरकडे निदान राणी असेल तरच त्याचा डाव धरला जातो. नसेल तर पहिल्या चिप्सवर तितक्याच मिळतात आणि नंतर लावलेल्या परत येतात. आपल्याकडे राणी, छक्की, चौकी किंवा त्याहून वरचे काही असेल तर पुढे जावे, एरवी सोडावे.

दोन्हींतला क्रम सारखा नाही. घरच्या खेळात ट्रेल (तीन एक्के, तीन राजे असे तीन सारखे पत्ते) सर्वांत वर आणि त्याखाली प्युअर सिक्वेन्स (इस्पिक, बदाम अशा एकाच प्रकारचे तीन लागोपाठचे पत्ते). कॅसिनोच्या खेळात प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर. गणित कॅसिनोच्या बाजूने आहे, कारण 52 पत्त्यांतून तीन पत्ते निवडण्याच्या 22,100 प्रकारांत ट्रेल 52 प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे. तरीही तीन एक्के हातात घेऊन बसलेल्या काकांना हे पटवून देण्याची जबाबदारी डीलरवर पडू नये, म्हणून कोणता प्रकार खेळायचा हे आयोजकांनी आधी ठरवून आपल्या मंडळींना कळवावे. एक्का-दुर्री-तिर्री ही सिक्वेन्स कितव्या क्रमांकाची मानायची, तेही घरच्या प्रकारासाठी लेखी कळवावे. घरोघरी त्याचे उत्तर वेगळे आहे आणि आम्ही तुमचे मान्य करू.

रूलेट आणि बॅकारा

रूलेटमध्ये शिकण्यासारखे थोडे आहे. आमच्या चाकावर 0 ते 36 असे 37 खाने आहेत. एका आकड्यावर लावले तर 35 पट, बारा आकड्यांच्या गटावर दुप्पट, लाल-काळा किंवा सम-विषम यांवर एकपट मिळते, आणि शून्य आले की लाल-काळा वगैरे सर्व जाते. त्यामुळे दर 100 चिप्समागे सरासरी 2.7 बँकेकडे राहतात. दोन शून्ये असलेल्या अमेरिकी चाकावर हाच आकडा 5.26 होतो, तेव्हा सराव करताना चाक पाहून घ्यावे. डीलरने ‘आता पुरे’ म्हटल्यावर सांगितलेला आकडा धरला जात नाही, मग तुमचे इंटरनेट संथ असो वा नसो. ज्याला उशीर होतो त्याने चाक फिरण्याआधीच सांगून टाकावे.

मागील फेऱ्यांचे आकडे पडद्यावर का दाखवत नाही, असे बरेच ग्राहक विचारतात. प्रत्यक्ष कॅसिनोंत तसे फलक असतात, कारण ते पाहून लोक अधिक लावतात. 1913 साली माँटे कार्लोमध्ये काळा रंग सलग 26 वेळा आला आणि आता लाल येणारच या खात्रीने लावणारे लोक धुऊन निघाले. चाकाला मागचे काही आठवत नसते, म्हणून आम्ही तो फलक ठेवलेला नाही.

बॅकारामध्ये डीलर ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ या नावांचे दोनच डाव वाटतो. ‘प्लेअर’, ‘बँकर’ किंवा बरोबरी यांपैकी एकावर लावले की आपले काम संपते. बेरजेतला फक्त एककाचा अंक धरतात, दहा आणि चित्रे शून्य असतात, नऊ सर्वांत मोठे, आणि तिसरा पत्ता कधी द्यायचा हे ठरलेल्या नियमाने होते. मला आणखी एक द्या, असे येथे म्हणता येत नाही. बँकरवर जिंकल्यास पाच टक्के कापले जातात म्हणून नाराज होऊ नये, कारण ते कापूनही तीच पैज सर्वांत स्वस्त आहे. बरोबरीवर आठपट मिळते म्हणून ती मोहात पाडते, पण तिच्यात बँकेचा वाटा 14 टक्क्यांहून अधिक असतो.

नोंदणी करताना

एका ब्लॅकजॅक टेबलावर आम्ही सातपेक्षा अधिक जण बसवत नाही. ‘आम्ही दहा जण आहोत, सांभाळून घ्या’ ही विनंती आम्ही मान्य करत नाही आणि दुसरे टेबल सुचवतो. त्याचा खर्च अधिक येतो हे खरे, पण दहाव्या माणसाला पाळीसाठी किती वेळ बसावे लागेल याचा हिशेब आयोजकांनी एकदा करून पाहावा. अठरा वर्षांखालील मुलांना चिप्स पैशांच्या नसल्या तरी टेबल दिले जात नाही. अमेरिकेतील मंडळांनी लक्षात घ्यावे, की न्यू जर्सीत उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात रविवारची पहाटेची साडेपाचची वेळ असते. त्या वेळेचे टेबल आम्ही आनंदाने लावतो, मात्र डीलरची व्यवस्था करण्यासाठी दहा दिवस आधी कळवणे आवश्यक आहे.

दोन किंवा अधिक टेबले घेणाऱ्यांना कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात अर्ध्या तासाची तालीम विनामूल्य दिली जाते. तीत ब्लॅकजॅकच्या काही फेऱ्या खेळून मोठ्याने उत्तर देण्याचा सराव करून घेतला जातो. तालमीला सगळ्यांनी येण्याची गरज नाही. प्रत्येक टेबलावरचे दोघे जरी आले तरी बाकीचे त्यांचे पाहून शिकतात. आरक्षणाच्या अर्जात तालमीची सोयीची वेळ, तीन पत्तीचा प्रकार आणि सहभागी व्यक्तींची पडद्यावर जशी हवी तशी नावे भरून पाठवावीत.