बापाला काका म्हणावे का? मिंग दरबारातल्या एका वादाची पार्श्वभूमी

चिनी राज्यकारभारात विधींना किती वजन होते, ते १५२१ ते १५२४ या काळात मिंग दरबारात दिसले.

सम्राट निपुत्रिक वारला आणि गादी हुबेईतल्या १३ वर्षांच्या चुलतभावाकडे, म्हणजे पुढच्या जियाजिंग सम्राटाकडे आली. ज्येष्ठ मंत्र्यांची अट एकच होती. मृत सम्राटाच्या वडिलांना, म्हणजे आपल्या थोरल्या चुलत्यांना, त्याने वडील मानायचे आणि जन्मदात्याला काका म्हणायचे. नाहीतर थोरली शाखा खुंटते. दाखले हान आणि सोंग या आधीच्या राजवटींच्या काळातले होते. अकराव्या शतकात सोंग दरबार याच प्रश्नावर दुभंगला होता.

मुलगा बधला नाही. युवराजाच्या दाराने राजवाड्यात शिरायला त्याने नकार दिला. आज्ञापत्रात गादीवर बसण्याचे लिहिले आहे, मुलगा होण्याचे नाही, हे त्याचे म्हणणे. आई याच अटीवरून बीजिंगबाहेर थोंगझौला अडून बसली, तेव्हा राज्य सोडून तिच्यासोबत घरी जाण्याची धमकीही त्याने दिली. दत्तकाचे तंटे आपल्याकडे काही कमी झाले नाहीत, पण ते गादी किंवा वतन मिळावे म्हणून. इथे गादी मिळालेलीच होती.

खरा प्रश्न वेगळाच होता: सम्राटालाही बांधील ठेवणारा नियम सांगायचा कुणी? प्राचीन ग्रंथांचा अर्थ लावणे हेच अधिकाऱ्यांचे बळ होते. पण सम्राटाच्या सोयीचा अर्थ काढून देणारेही निघाले, बहुतेक कनिष्ठ पदांवरचे, आणि ते भराभर वर चढले. १५२४ मध्ये दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या दारात गुडघे टेकून आक्रोश करत बसले. शंभरावर जणांना अटक झाली, फटके बसले, किमान १६ जण दगावले. त्यानंतर थोरले चुलते अधिकृतपणे चुलतेच राहिले.

मग सम्राटाला विधींचा नादच लागला. १५३० मध्ये त्याने आकाश आणि पृथ्वीची एकत्र होणारी पूजा वेगळी केली. बीजिंगच्या आकाशमंदिरातली गोल वेदी तेव्हाची. १५३८ मध्ये कधीच राज्य न केलेल्या वडिलांना त्याने राजपूर्वजांच्या मंदिरात बसवले. स्वतः मात्र पुढे पूजांना प्रतिनिधी पाठवू लागला.

मिंगनंतरच्या छिंग राजवटीने या वेद्या तशाच चालवल्या. १७९३ मध्ये ब्रिटिश वकिलाने साष्टांग नमस्काराला नकार दिला, तेव्हा वाद परकीयांशी जडला. १८७३ मध्ये परदेशी वकील नुसते वाकून सम्राटाला भेटले. १९१२ मध्ये राजेशाही संपली, पण डिसेंबर १९१४ मध्ये प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाने आकाशमंदिरात पूजा केली. पुढच्याच वर्षी त्याने सम्राटपद स्वीकारले आणि मार्च १९१६ मध्ये ते सोडावे लागले.