विद्यार्थी-भागीदारी (अध्यापनसुधारणेतील)

वर्गातील शिकवणे व शिकणे सुधारण्याच्या कामात शाळकरी विद्यार्थ्यांचे म्हणणे, निरीक्षण आणि निर्णय यांना जागा देण्याची पद्धती. विद्यार्थी-परिषद, शालेय मंत्रिमंडळ किंवा वर्गप्रतिनिधी यांच्याशी तिची गल्लत केली जाते. तेथील विषय बहुधा समारंभ, शिस्त, गणवेश व मैदान यांपुरते राहतात. तास कसा घेतला गेला, हा प्रश्न सहसा त्यांच्यापुढे येत नाही. येथे तोच प्रश्न अभिप्रेत आहे. ‘स्टुडंट व्हॉइस’ (विद्यार्थ्याचा आवाज) ही संज्ञा सर्वांत रूढ असली, तरी ती बरीच सैल आहे. ब्रिटिश अभ्यासकांनी वापरलेले ‘सल्लामसलत’ व ‘भागीदारी’ हे शब्द अधिक नेमके वाटतात.

उगम : याबाबत एकवाक्यता नाही. काही लेखक या कल्पनेचे मूळ मॉनिटर पद्धतीत, म्हणजे विद्यार्थ्यांकडूनच इतर विद्यार्थ्यांना शिकवून घेण्याच्या रीतीत, शोधतात. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ च्या सुमारास मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचा अधीक्षक झाला. वाळूत बोटाने अक्षरे गिरवणारी मलबारी मुले पाहून ती रीत आपल्या शाळेत आणावी, असे त्याला वाटले. हाताखालच्या शिक्षकाने ते मनावर घेतले नाही, तेव्हा त्याने सुमारे आठ वर्षांच्या एका मुलावरच मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. हा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या बरो रोडवर शाळा काढली आणि पद्धतीचा जनक कोण, यावरून दोघांच्या अनुयायांत दीर्घकाळ वाद चालला. बेलच्या बाजूला अधिकृत चर्च व लँकेस्टरच्या बाजूला इतर पंथ असल्याने, त्यांच्यातील तेढीमुळे तो अधिकच चिघळला.

दोघांच्याही आधीचा एक दाखला पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाच्या लेखनात सापडतो. दक्षिण भारतातील प्रवासात १६२३ मध्ये त्याने चार मुले जमिनीवर बारीक वाळू पसरून, सूर धरून अंकगणित घोकताना पाहिली. गुरुजी नाहीत, मग चुकल्यास दुरुस्त कोण करते, असे त्याने विचारले. चौघेही एकाच जागी चुकणे शक्य नाही, असे उत्तर मुलांनी दिले. प्रवाशाला ते पटले.

तथापि या सर्व उदाहरणांत विद्यार्थी दुसऱ्याला शिकवतो. कसे शिकवावे, याबद्दल त्याचे मत कोणी घेत नाही. बेल व लँकेस्टर यांना एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकवून घ्यायची होती. त्यामुळे मॉनिटर पद्धतीला सहाध्यायी-अध्यापनाची पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे प्रयोग विषयाच्या जवळ येतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळा-शाळा, म्हणजे शिक्षणविषयक कल्पना प्रत्यक्ष तपासून पाहणारी शाळा, सुरू केली. पोलिश बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक याच्या वॉर्सातील अनाथालयात (१९१२ पासून) मुलांचे न्यायालय भरे आणि कर्मचाऱ्यांविरुद्धही तेथे तक्रार नोंदवता येई. खुद्द कोर्चाकही त्यापुढे उभा राहिला. ए. एस. नील याच्या समरहिल या निवासी शाळेत (१९२१ पासून) शाळेच्या सभेत मुलाचे व शिक्षकाचे मत सारखेच मोजले जाते. हे प्रयोग मुख्यतः सहजीवनाचे होते. तासाच्या घडणीत विद्यार्थ्याला आणण्याचे श्रेय बहुधा ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस याच्या परंपरेला द्यावे लागेल. शिक्षकाने आपल्या वर्गाचा संशोधक व्हावे, हा त्याचा आग्रह होता. त्याची सहकारी जीन रडक हिने केंब्रिज येथे २००० च्या पुढील काही वर्षांत चालवलेल्या संशोधन-प्रकल्पात शिकणाऱ्यांशी सल्लामसलत हाच अभ्यासविषय केला.

कायदेशीर आधार : संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) बाराव्या अनुच्छेदानुसार, स्वतःची मते बनवू शकणाऱ्या बालकाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ती मांडण्याचा हक्क असून, वय व परिपक्वता पाहून त्या मतांना वजन द्यावयाचे असते. इंग्लंड व वेल्सच्या २००२ च्या शिक्षण अधिनियमात (कलम १७६) विद्यार्थ्यांशी सल्लामसलतीची स्वतंत्र तरतूद आली.

पायऱ्या : रॉजर हार्टची मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी (१९९२) सर्वांत परिचित आहे. शेरी अर्नस्टीनने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी मांडलेल्या शिडीवरून ती बेतलेली आहे. हार्टने खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेसाठी उभे करणे व नावापुरते सामील करणे यांना, सहभागच मानले नाही. मात्र ही शिडी वर्गासाठी रचलेली नव्हती. वर्गाच्या दृष्टीने मायकेल फील्डिंगची विभागणी (२००१) अधिक उपयोगी पडते. तिच्यात विद्यार्थी क्रमाने माहितीचा स्रोत, सक्रिय प्रतिसादक, सहसंशोधक व स्वतः संशोधक होतो. गुणांचे तक्ते पाहून शिक्षकाने धोरण ठरवले, तर ती पहिली पायरी. शिक्षकाने काढलेल्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी त्याच्यासोबत पुरावा गोळा केला, तर तिसरी. प्रश्नच विद्यार्थ्यांनी काढला, तर चौथी. लॉरा लंडी हिने २००७ मध्ये नुसता आवाज पुरेसा नसल्याचे दाखवून अवकाश (मत मांडण्याची संधी), आवाज, श्रोता (ते ऐकून घेणारे) व प्रभाव (त्याची योग्य ती दखल) असे चार घटक सांगितले. प्रत्यक्षात शेवटचे दोनच बहुतेकदा गळतात.

कार्यपद्धती : तासाच्या शेवटी निनावी चिठ्ठ्या, लहान गटांशी चर्चा, प्रश्नावली आणि विद्यार्थी-निरीक्षक ही नेहमीची साधने होत. चिठ्ठीवरचा प्रश्न ‘तास आवडला का?’ असा असला, तर उत्तरे गुळमुळीत येतात. ‘नेमके कोणत्या ओळीनंतर समजेनासे झाले?’ असे विचारले, तर कामाचे काही हाती लागते. उदा., अपूर्णांकांच्या बेरजेच्या तासानंतर पाचसहा चिठ्ठ्यांत ‘लसावि काढता येतो, पण छेद समान कशाला करायचा ते कळले नाही’ असे निघाले, तर दुसऱ्या दिवशी आणखी उदाहरणे सोडवून घेण्यात अर्थ नाही. कागदाच्या पट्ट्या घडी घालून दाखवणेच श्रेयस्कर. तो बदल कोणाच्या सांगण्यावरून केला, हे वर्गाला सांगणे हाही पद्धतीचाच भाग आहे. ते राहून गेले, की पुढच्या खेपेला चिठ्ठ्या कोऱ्या येऊ लागतात.

विद्यार्थी-निरीक्षक मागच्या बाकावर बसून एखादीच गोष्ट टिपतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबतात, ही त्यासाठी सोयीची बाब आहे. मेरी बड रो हिने १९७० च्या दशकात दाखवले, की शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरे लांबतात व अधिक मुले बोलतात. शिक्षकाला हा अवधी स्वतःच्या अंदाजाने कळत नाही. बारा वर्षांची मुलगी घड्याळ घेऊन तो सहज सांगते.

आक्षेप : विद्यार्थी सूड उगवतील, ही भीती शिक्षक नेहमी बोलून दाखवतात. रडक व तिच्या सहकाऱ्यांचा अनुभव उलट आहे. मुलांची टीका बहुधा विधायक व सभ्य असते. याहून खरा आक्षेप कोणाचे ऐकले जाते, हा आहे. नीट बोलता येणारी, शाळेची भाषा घरातूनच अवगत असलेली मुले पुढे येतात आणि ज्यांचे सर्वाधिक अडते ती गप्प राहतात. दुसरा धोका मूल्यमापनाचा. अमेरिकेत २००९ नंतर सुमारे ३,००० शिक्षकांच्या वर्गांत झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीतील मते त्यांच्या प्रगतीशी काही प्रमाणात जुळली. त्यानंतर अशा प्रश्नावल्या शिक्षकांच्या गुणांकनाला जोडण्याकडे कल वाढला. भागीदारी या नावाला तो प्रकार पात्र ठरत नाही. तेथे विद्यार्थी परीक्षक होतो आणि शिक्षक परीक्षार्थी.

बहुतेक अभ्यास माध्यमिक शाळांतील आहेत. पाच वर्षांखालील मुलांसाठी ॲलिसन क्लार्क व पीटर मॉस यांची ‘मोझेक’ पद्धत (२००१) वापरतात. तिच्यात मुले छायाचित्रे काढतात, नकाशा करतात व पाहुण्याला स्वतःची जागा हिंडून दाखवतात. मुलांना जागा, वस्तू व सवंगडी यांबद्दल काय वाटते ते त्यातून चांगले कळते, शिकवण्याबद्दल त्या मानाने कमी.