न्यू जर्सीत मुलांचे ड्रायव्हिंग लायसन्स : पालकांसाठी माहिती

मुलाचे किंवा मुलीचे नाव आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोंदवायला आलेले पालक आम्हाला आधी विचारतात, ‘लायसन्स कधी मिळेल?’ न्यू जर्सीत ते एकदम हाती येत नाही. १ जानेवारी २००१ पासून येथे टप्प्याटप्प्याने परवाना दिला जातो : सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर शिकाऊ पर्मिट, सतरा पूर्ण झाल्यावर रोड टेस्ट देऊन प्रोबेशनरी (म्हणजे काही अटींसह मिळणारे) लायसन्स, आणि त्यावर किमान एक वर्ष गाडी चालवून अठरा पूर्ण केल्यावर नेहमीचे लायसन्स.

सोळाव्या वर्षीच्या पर्मिटसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सहा तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि ते आमच्याकडे होते. मात्र खरे शिकणे त्यानंतरच्या सहा महिन्यांत, तुमच्या शेजारी बसून होते. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान ५० तासांचा सराव आवश्यक असून त्यातले १० तास अंधार पडल्यानंतरचे असावे लागतात. आठवड्याला दोन तास नेमाने दिले तर हा सराव सहा महिन्यांत पुरा होतो. शेवटच्या महिन्यात सगळे तास उरकण्याचा प्रयत्न कृपया करू नये. आमच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तुमच्या गाडीत तो नसतो. म्हणून सुरुवात रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये करावी आणि समोरून येणाऱ्या गाड्यांतून डावीकडे वळणे जमेपर्यंत हायवेची घाई करू नये.

शेजारी कोण बसणार, याबद्दल मराठी घरांत हमखास गैरसमज होतो. ती व्यक्ती किमान २१ वर्षांची, न्यू जर्सीचे लायसन्स असलेली आणि तीन वर्षांपासून परवानाधारक असावी लागते. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांनी चाळीस वर्षे गाडी चालवलेली असली, तरी भारतीय लायसन्सवर ते नातवाच्या शेजारी बसून सराव घेऊ शकत नाहीत.

पर्मिट आणि प्रोबेशनरी लायसन्स, दोन्हींवर रात्री ११.०१ ते पहाटे ५ या वेळेत गाडी चालवता येत नाही. नोकरी किंवा धार्मिक कार्यक्रमासाठी सूट मिळू शकते, पण तिच्यासाठी लेखी पुरावा लागतो. गणपतीच्या आरतीहून उशिरा परतायचे असेल, तर हे आधीच पाहून ठेवावे. फोनला बंदी आहे आणि तीत हँड्स-फ्रीसुद्धा आले.

प्रोबेशनरी लायसन्सवर आई-वडील सोबत नसतील तर गाडीत एकच प्रवासी चालतो. भावंडांनाही यातून सूट नाही. दोन धाकट्या भावंडांना रविवारी मराठी शाळेत सोडण्याचे काम थोरल्या लेकीवर सोपवता येणार नाही. ही अट पालकांना जाचक वाटते, परंतु गाडीत बरोबरीची मुले वाढली की नवख्या चालकाचे लक्ष विचलित होऊन अपघाताचा धोका वाढतो. आमच्या मते सगळ्या अटींत हीच सर्वांत मोलाची आहे.

पर्मिट किंवा प्रोबेशनरी लायसन्सवर गाडी चालवणाऱ्या २१ वर्षांखालील चालकाच्या गाडीच्या दोन्ही नंबर प्लेटवर लाल परावर्तक पट्टी लागते. २००६ साली अपघातात गेलेल्या सोळा वर्षांच्या कायलीच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम १ मे २०१० पासून लागू झाला. पट्टी काढता-लावता येते, त्यामुळे तीच गाडी तुम्ही चालवणार असाल तेव्हा ती काढून ठेवावी आणि मुलांच्या हाती किल्ली देताना पुन्हा लावावी. या अटी मोडल्यास १०० डॉलर दंड होतो. पट्ट्यांची जोडी मोटर व्हेइकल कमिशनच्या (लायसन्स देणाऱ्या राज्य खात्याच्या) कार्यालयात मिळते. पहिल्या धड्याला येताना ती सोबत आणावी.