गर्भाशयाचा वापसा

मृगाचा पाऊस पडून गेला म्हणून शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही. तो वापसा येऊ देतो. माती चिखलाची राहिलेली नाही, कोरडीही झालेली नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, अशी ती वेळ. गर्भाशयालाही असाच वापसा येतो. बाईच्या शरीरात पाळीच्या एका चक्रात फक्त काही दिवस, उंदराच्या मादीत तर जेमतेम एक दिवस. तेवढ्यात भ्रूण अस्तराला चिकटलं तर ठीक, एरवी ते कितीही निरोगी असो, रुजत नाही.

बी आणि शेत ही आपल्याकडची जुनी उपमा. तिच्यात शेत निमूट असतं. खरं गर्भाशय निमूट नसतं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. ‘लिफ’ नावाचं प्रथिन बनवणारं जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या माद्या घेतल्या होत्या. त्यांच्या पोटात अंडं फलित होई, भ्रूण वाढून गर्भाशयात पोचे आणि तिथेच न रुजता राही. तीच भ्रूणं उचलून सामान्य मादीच्या गर्भाशयात ठेवली, तर रुजत. भ्रूण धडधाकट होतं, कमी होता तो आईच्या अस्तरातून येणारा एक निरोप. पुढे या माद्यांना लिफ टोचून दिलं, तेव्हा त्यांच्यातही भ्रूणं रुजली.

असे निरोप कोण धाडतं? अस्तराच्या पेशीत जी जनुकं आहेत, तीच त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशीतही आहेत. फरक पडतो तो कोणतं जनुक केव्हा चालू आणि केव्हा बंद, यामुळे. अंडं बाहेर पडल्यावर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. हे संप्रेरक पेशीत शिरून आपल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं. मग ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसते आणि तिच्या ताब्यातली काही जनुकं जागी होतात, काही गप्प होतात.

यातली एक साखळी मला फार आवडते. पाळीनंतर इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून अस्तर वाढत असतं. पण पृष्ठभागावरच्या पेशी विभागतच राहिल्या, तर भ्रूणाला चिकटता येत नाही. त्यांना थांबवायचं कसं? प्रोजेस्टेरॉन त्यांच्या खालच्या थरातल्या पेशींमध्ये ‘हँड-२’ हे जनुक चालू करतं. ते चालू झालं, की खालून वर जाणारे वाढीचे निरोप तुटतात आणि वरचा थर शांत होतो. २०११ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या गर्भाशयातून हे जनुक काढून पाहिलं. वरचा थर विभागत राहिला आणि भ्रूण रुजलं नाही.

भ्रूणही आपल्या बाजूने हाक देतं. उंदराच्या गर्भाशयात ते जिथे टेकणार, नेमक्या त्याच जागी, टेकण्याच्या सहा-सात तास आधी अस्तरात वाढीला चालना देणारं एक जनुक चालू होतं. इतरत्र नाही. त्या जनुकाच्या प्रथिनात भिजवलेले, भ्रूणाएवढे बारीक मणी वापसा आलेल्या गर्भाशयात ठेवले, तर अस्तर त्यांच्याभोवतीही तयारीला लागतं. मातीने बियाणं ओळखावं तसं हे आहे, आणि इथे शेतीची उपमा माझ्या हातून सुटते.

माणसात ही वेळ किती काटेकोर असते, हे १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून रुजण्याचा दिवस काढला होता. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के अंडं सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गळाले. अकराव्या दिवसानंतर रुजलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होतं.

मग अस्तरातली जनुकं तपासून प्रत्येक बाईचा वापसा ठरवता येईल का? अशी चाचणी निघाली, २३८ जनुकं मोजणारी, आणि आयव्हीएफ करणाऱ्या अनेक जोडप्यांनी ती पदरमोड करून करून घेतली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र तिच्यानुसार वेळ बदलून भ्रूण गर्भाशयात सोडल्याने बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. ही चाचणी करण्याचा सल्ला मिळाला, तर हा निष्कर्ष डॉक्टरांपुढे ठेवून जरूर विचारावं.

बहुतेक सस्तन प्राण्यांत अस्तराचा शेवटचा कायापालट भ्रूण आल्याशिवाय होत नाही. माणसात तो दर चक्रात आपसूक होतो. पेशी फुगतात, नवी प्रथिनं स्रवू लागतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात. भ्रूण आलं नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि हे सगळं गळून पडतं. ज्याला आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या विटाळ म्हणत आले, ते एका बाळासाठी मांडलेलं घर असतं.

या कायापालटाची काही बटणंही उसनी आहेत. जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये, उड्या मारत पसरणारे डीएनएचे तुकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत अस्तराच्या जनुकांशेजारी येऊन बसले. ‘मर-२०’ हा त्यातला एक. असे काही तुकडे आज प्रोजेस्टेरॉनच्या हुकमाने जनुकं चालू-बंद करण्याच्या कामी येतात.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदराला पाळी येत नाही, त्यामुळे आपसूक होणारा हा बदल त्याच्यात अभ्यासणं अवघड जात होतं. इजिप्तकडच्या एका काटेरी उंदराच्या मादीला मात्र पाळी येते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना काही वर्षांपूर्वी आढळलं. तिचं चक्र साधारण नऊ दिवसांचं असतं आणि त्यातले सुमारे तीन दिवस रक्तस्राव होतो.