चर्ट कुठे साचला? सेरियमच्या मोजपट्टीची पार्श्वभूमी

लडाखमधला सिंधू सांधपट्टा (भारत आणि आशिया जिथे सांधले गेले तो पट्टा), नागा टेकड्या, अंदमान. जुन्या महासागराचा तळ जिथे जिथे जमिनीवर ढकलला गेला आहे, तिथल्या शोधनिबंधांत चर्टच्या, म्हणजे सिलिकाने बनलेल्या कठीण गाळखडकाच्या, रसायनाचा एक आलेख बहुधा असतोच. आलेखावर तीन कप्पे आखलेले असतात: नवा समुद्रतळ जिथे तयार होतो त्या मध्यसागरी पर्वतरांगेजवळ, खुल्या महासागराच्या तळावर, खंडाच्या काठावर. नमुन्यांचे ठिपके ज्या कप्प्यात पडतात, ते त्या गाळाचं जन्मस्थान ठरतं. हे कप्पे कुठल्या खडकांवरून आखले गेले आणि आखताना काय गृहीत धरलं होतं, हा तपशील मात्र मागे पडला आहे. तो माहीत नसेल तर आलेख वाचण्यात फारसा अर्थ नाही.

चर्ट म्हणजे खोल समुद्र, हे समीकरणही सरसकट खरं नाही. नागपूरच्या आसपास दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये दबलेला चर्ट गोड्या पाण्यातला आहे. समुद्री चर्टचा वाद जुना आहे. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या एका ब्रिटिश जहाजाने पॅसिफिकच्या खोल तळावरून रेडिओलॅरिया या सूक्ष्म सागरी जीवांच्या सिलिकामय सांगाड्यांचा चिखल वर आणला. तेव्हापासून आल्प्समधले लाल चर्ट त्याच जातीचे का, यावर अनेक दशकं भांडण चाललं. भूपट्टांचा सिद्धांत स्थिरावला, १९६८पासून महासागराच्या तळाला भोकं पाडून गाभे काढले जाऊ लागले आणि प्रश्नच पालटला. खोली किती होती यापेक्षा पर्वतरांगेपासून अंतर किती होतं, हे महत्त्वाचं झालं.

अंतर सांगणारी पहिली खूण लोह आणि मँगनीजची होती. पूर्व पॅसिफिकमधल्या पर्वतरांगेवरच्या गाळात ही दोन्ही मूलद्रव्यं भरपूर आणि ॲल्युमिनियम अगदी कमी, असं १९६०च्या दशकात दिसलं. त्यातून ॲल्युमिनियम भागिले ॲल्युमिनियम, लोह व मँगनीजची बेरीज, असं गुणोत्तर आलं. ते ०.४च्या खाली असेल तर गाळात पर्वतरांगेवरच्या उष्ण झऱ्यांचा वाटा मोठा, असं मानलं जातं. जपानी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात मँगनीज आणि टायटॅनियमची तुलना पुढे आणली. सिलिका कितीही मिसळली तरी गुणोत्तर बदलत नाही, हा या पद्धतीचा फायदा. पण मँगनीज गाडलं गेल्यावरही स्वस्थ बसत नाही. चिखलातला ऑक्सिजन संपला की ते विरघळतं, वर सरकतं आणि ऑक्सिजन भेटेल तिथे पुन्हा साचतं. जागेवरून हलणारं मूलद्रव्य जागेचा साक्षीदार कसं ठरणार?

म्हणून दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांकडे, म्हणजे लँथॅनम, सेरियम आणि त्यांच्या गटातल्या धातूंकडे, लक्ष गेलं. ती सहसा हलत नाहीत. १९९०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टेकड्यांतले आणि परिसरातले चर्ट व शेल (मातीच्या बारीक कणांचा थरदार खडक) तपासून जे निष्कर्ष छापले गेले, त्यांच्यावर आजचे कप्पे उभे आहेत. जागा निवडली होती ती उत्तम. गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेकडच्या कड्यांत तळाशी उशांसारखा गोळ्यागोळ्यांचा बेसाल्ट, त्यावर लाल चर्ट आणि सगळ्यात वर खंडावरून आलेली वाळू, असा क्रम सलग दिसतो. घड्या आणि भ्रंशांमुळे झालेली पुनरावृत्ती वजा केली तर चर्टची जाडी जेमतेम ८० मीटर भरते, आणि तेवढ्यात सुमारे १० कोटी वर्षं सामावलेली आहेत. हजार वर्षांत मिलिमीटरभरसुद्धा गाळ नाही. भूपट्ट पर्वतरांगेपासून निघून खंडाकाठी पोचेपर्यंतचा सगळा प्रवास एकाच छेदात वाचता येतो.

मोजलं ते सेरियम. ऑक्सिजन असलेल्या समुद्रात सेरियमचं ऑक्सिडीकरण होतं, ते मँगनीजच्या कणांना चिकटून खाली बसतं आणि पाण्यात त्याची तूट पडते. शेजारच्या मूलद्रव्यांवरून अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी तुलना करून ही तूट मोजतात; १ म्हणजे तूट नाही. पर्वतरांगेपासून सुमारे ४०० किलोमीटरच्या आत साचलेल्या थरांत हा आकडा ०.२९च्या आसपास आला, खुल्या तळावर ०.५५ आणि खंडाच्या काठावर ०.९० ते १.३०. कारणही पटणारं होतं. पर्वतरांगेजवळचे लोह-मँगनीजचे कण समुद्राच्या पाण्यातून ही मूलद्रव्यं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातली तूट गाळात उतरते. खंडाजवळ मातीचा पुरवठाच इतका मोठा की पाण्याची खूण बुजून जाते.

निरीक्षण चोख होतं. पुढे जे झालं ते माझ्या मते घाईचं होतं: एका महासागरात, एका कालखंडात मिळालेले आकडे जगभरच्या, कुठल्याही वयाच्या चर्टला लावले गेले. सेरियमची तूट मुळात ऑक्सिजनवर अवलंबून आहे, अंतरावर नंतर. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन वाढू लागला. त्याआधीच्या समुद्रात तूट पडायला कारणच नव्हतं. मग ३०० कोटी वर्षांपूर्वीचा चर्ट भर समुद्रात साचला असला तरी आलेख त्याला खंडाच्या काठावरच बसवणार. इतकं मागे जायचीही गरज नाही. जपानमधल्या चर्टच्या छेदांत पर्मियन आणि ट्रायासिकच्या सीमेवर, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी, लाल थर संपून काळा सेंद्रिय चिखल येतो. तिथे बदलला तो ऑक्सिजन. तळ एकाएकी पर्वतरांगेजवळ किंवा खंडाजवळ जाऊन बसला नव्हता.

दुसरी गुंतागुंत हिशेबातली आहे. अपेक्षित सेरियम काढायला लँथॅनम लागतं, आणि समुद्राच्या पाण्यात लँथॅनमच जरा जास्त असतं. त्यामुळे अपेक्षा फुगते आणि नसलेली तूट दिसते. असा नमुना चुकून पर्वतरांगेच्या दिशेने सरकतो. १९९०च्या दशकाच्या मध्यावर यावर उपाय सुचला: त्याच गटातलं, सेरियमशेजारचं प्रॅसिओडिमियमही मोजावं आणि दोन्ही आकडे एकमेकांसमोर मांडावेत. सेरियमची खरी तूट असेल तर प्रॅसिओडिमियम वर उचललेलं दिसतं, नुसता लँथॅनमचा खेळ असेल तर ते १च्या जवळ राहतं. अडचण अशी की न्यूट्रॉनच्या माऱ्याने केलेल्या जुन्या मोजमापांत प्रॅसिओडिमियम सहसा नसतंच, त्यामुळे ती आकडेवारी पुन्हा तपासता येत नाही. त्यात नमुन्याचे आकडे ज्या प्रमाण शेलच्या आकड्यांनी भागतात, ती उत्तर अमेरिकी घेतली की ऑस्ट्रेलियाची, यानेही आकडा थोडा हलतो. हे न सांगता छापलेला ०.५५ दुसऱ्याच्या ०.५५शी कसा ताडायचा?

वालुकाश्मांसाठी १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या खडकांवरून असेच आलेख निघाले होते. २००५मध्ये ते जन्मस्थान आधीच माहीत असलेल्या अलीकडच्या गाळांवर तपासले गेले, तेव्हा त्यांची कामगिरी असमाधानकारक ठरली. चर्टच्या कप्प्यांचीही अशीच कसून परीक्षा व्हायला हवी.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. नागा टेकड्यांतल्या चर्टमध्ये उत्तर ज्युरासिक काळातले रेडिओलॅरिया मिळाले आहेत, म्हणजे भारत आशियाला भिडण्याच्या कितीतरी आधीचा हा समुद्रतळ आहे. तो पर्वतरांगेजवळचा होता की काठावरचा, यावरून मधल्या महासागराचा नकाशा बदलतो. तिथे सेरियमचा ठिपका टाकण्याआधी चर्टखाली बेसाल्ट आहे की वाळू, ते बघायला हवं. चर्टला लागून असलेली शेलही त्याच थरातून उचलून दोन्हींतली तूट जुळते का ते पाहायला हवं. आणि निबंधात कप्प्याच्या नावाबरोबर लँथॅनम व प्रॅसिओडिमियमचे मूळ आकडेही छापायला हवेत.